सभासदांनी आपापली मते मांडली

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत २२ सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा विषय क्रमांक ४ असा नोंदलेला आहे: ‘लिफ्ट बदलण्याबाबत चर्चा झाली. सभासदांनी आपापली मते मांडली. विषय विशेष सभेत घेण्याचे ठरले.’ तीन वाक्यं. अक्षर माझं.

ती मतं पन्नास मिनिटं मांडली जात होती. तेवढ्यात एकाची नोकरी निघाली, एकीचं मोडलेलं लग्न निघालं, एकाचा साडू निघाला आणि रीतसर बापही निघाला. पितृपक्ष चालू होता, बाप निघणारच, असं ११ नंबरचे सर नंतर म्हणाले. सर निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत, त्यांना असले विनोद शोभतात.

मी २७ वर्षं एका सरकारी कार्यालयात मराठी लघुलेखक होते. निवृत्त झाले आणि सोसायटीने वही माझ्या मांडीवर ठेवली. हाताला सवय अशी, की सभेत कोणी बोलू लागलं की पेन्सिल आपोआप चालते. वहीत तीन वाक्यं असली तरी माझ्या पॅडवर त्या सकाळचं जवळजवळ प्रत्येक वाक्य आहे. हे प्रकरण त्या पॅडवरून लिहिते आहे. नावं देत नाही. आमच्याकडे तशीही माणसं फ्लॅटच्या नंबरानेच ओळखली जातात.

इमारत मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आतल्या गल्लीत. तळमजला अधिक ५, मजल्यावर चार घरं, २४ सभासद. बांधकाम १९८९ चं आणि जाळीच्या दाराची लिफ्टही तेव्हाचीच. जुलैच्या पावसात २० नंबरच्या आजी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये ४० मिनिटं अडकल्या. ‘कृपया दरवाजा बंद करा’ असं लिफ्टमधली बाई त्यांना सगळा वेळ सांगत होती. देखभाल करणाऱ्या माणसाने हात वर केले, या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत म्हणाला. समितीने तीन कोटेशनं आणली. सगळ्यात कमी १४,४०,००० रुपयांचं. घरटी ६०,०००, चार हप्त्यांत.

एरवी सभा गच्चीवर होते. लिफ्ट बंद, म्हणून या वेळी खाली. गणपतीच्या मांडवाचे पत्रे अजून उतरवले नव्हते, त्यांच्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. गणपूर्तीला १६ लागतात, १९ जण आले.

पहिली सभा

सुरुवात २ नंबरच्या काकांनी केली. तळमजला, निवृत्त मोटरमन. ते म्हणाले, “ठाण्याला उतरणाऱ्याकडून कल्याणचं भाडं घेता का? मग तळमजल्याने लिफ्टचे पैसे का भरायचे?”

मुद्दा चुकीचा आहे, पण टाकाऊ नाही. त्याला उत्तर आहे आणि ते लेखी आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत प्रत्येक खर्चाची वाटणी ठरवून दिलेली असते. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर, सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांनी समान, लिफ्ट वापरोत वा न वापरोत. उपविधींचं पुस्तक सचिवांच्या मांडीवर होतं. उघडून वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

ते उघडायच्या आत १३ नंबर बोलले. “आयुष्यभर फुकट पासवर फिरलात, काका. पैसे द्यायची सवयच नाही तुम्हाला.”

हशा पिकला. मीही हसले, तशी पॅडवर खूण आहे. काका उठून उभे राहिले. “पास काय तुझ्या बापाने दिला होता?” झालं. लिफ्ट तिथेच राहिली.

मग काका कोणालाच सोडेनात. ९ नंबरच्या वहिनींना म्हणाले, “तुम्ही जिन्यात चपलांचं कपाट ठेवता, ते चालतं?” वहिनी म्हणाल्या, “आणि तुमची स्कूटर लिफ्टच्या दारात उभी असते, ती?” दोघांचंही खरं होतं. कपाटही जिन्यात होतं आणि स्कूटरही दारात. पुढची बारा मिनिटं आम्ही कपाट आणि स्कूटर यांत घालवली.

इथे भाषेकडे जरा लक्ष द्यावंसं वाटतं. मराठीत भांडणाचं खास क्रियापद ‘काढणं’ आहे. बाप काढतात, लायकी काढतात, शिक्षण काढतात, घराणं काढतात, उणीदुणी तर काढतातच. जे समोर नव्हतं ते कुठून तरी उपसून मध्ये आणून ठेवायचं. आणि एकदा काढलेली गोष्ट परत ठेवता येत नाही, असं त्या क्रियापदातच गृहीत आहे.

शेवटी १७ नंबर. तिशीतली मुलगी, वास्तुविशारद. दीड वर्षापूर्वी नवऱ्यापासून वेगळी होऊन आईकडे राहायला आली. आई अंथरुणाला खिळलेली. भाग प्रमाणपत्रावर दुसरं नाव तिचं आहे, त्यामुळे आईच्या गैरहजेरीत ती सभेला बसते. सचिवांनी आधी तेच विचारलं, “तुला बोलायचा अधिकार काय?” ऐकायला हे खोचक, पण प्रश्न योग्य होता. तिने प्रमाणपत्राची प्रत दाखवली, विषय संपला. ज्या प्रश्नाला कागदाने उत्तर देता येतं तो कितीही कुसकट सुरात विचारला तरी प्रश्नच असतो.

मग ती म्हणाली ते शब्दशः असं: “दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटेशनमध्ये ‘स्टेनलेस’ शब्दाचं स्पेलिंग चुकलंय, आणि दोन्हीकडे सारखंच चुकलंय. हे दोन्ही कागद एकाच ठिकाणी टाइप झालेत. साडूचं घर भरायचं चाललंय का?”

पहिली दोन वाक्यं त्या दिवसातली सगळ्यात मोलाची होती. कागद सगळ्यांच्या हातात होते, कोणीही पाहून घ्यावं. तिसऱ्या वाक्याने तिने सचिवांना पळवाट दिली. त्यांचे साडू लिफ्टच्या धंद्यात आहेत हे इमारतीत सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पण नेमकं कुठे, कशात, हे कोणी विचारलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही, आरोपच केला. आता स्पेलिंगवर बोलायची सचिवांना गरज उरली नाही. अपमान झालेल्या माणसाला कोण हिशेब विचारणार?

ते म्हणाले, “तू मला शिकवू नकोस. स्वतःचं घर सांभाळता आलं नाही आणि निघाली सोसायटी सांभाळायला.”

पॅडवर या वाक्यानंतर एक लांब आडवी रेघ आहे. कोणीच बोलत नसलं की मी ती मारते. अध्यक्षांनी चहाच्या कपात पाहिलं. वहिनींनी पदर सारखा केला. मी रेघ मारत होते.

मग तीच बोलली. “तुमचा मुलगा तीस वर्षांचा होऊन घरी बसलाय, त्याला सांभाळा आधी.” मुलगा तिथेच मागे खुर्च्या लावत होता. सचिव ओरडले, मानहानीचा दावा ठोकतो म्हणाले. अध्यक्ष उठून म्हणाले, विषय पुढे ढकलू या. आणि मी वहीत लिहिलं, सभासदांनी आपापली मते मांडली.

दाव्याचं कोणी मनावर घेतलं नाही. मानहानीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आधी भारतीय दंड संहितेत ४९९ होतं. सोसायटीच्या भांडणात ते जेवढं उच्चारलं जातं तेवढं वापरलं जात नाही. हां, एक वेगळी गोष्ट. कोणी चारचौघांत जात काढली असती तर ते प्रकरण इतिवृत्ताचं राहिलंच नसतं, त्याला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तिथे सामोपचाराच्या गप्पा मारू नयेत. आमच्याकडे त्या दिवशी तेवढं झालं नाही.

जिन्यातली तीन आठवड्यांची चर्चा

लिफ्ट बंद असल्याचा एक फायदा झाला. सगळे जिन्यात भेटत होते आणि दम लागला म्हणून थांबत होते. दुसऱ्या मजल्यावर सरांनी दाराबाहेर एक खुर्ची ठेवली होती. मी आणि १७ नंबर तिथे बऱ्याचदा रेंगाळलो.

सर म्हणाले, आपल्या सोसायटीत वाद झालाच नाही, जल्प झाला. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार मानतात. खरं काय ते कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकायचं म्हणून होतो तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं पाडत राहायचं ती वितंडा. आपण वितंडवाद म्हणतो तो इथून आला. जिथे बोलणारा हरला असं धरायचं अशा २२ जागाही त्यांनी मोजून ठेवल्यात, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतलं एक ‘मतानुज्ञा’. आपल्यावरचा दोष न निवारता ‘तुझ्यातही तोच दोष आहे’ म्हणणं.

“म्हणजे वहिनी स्कूटर म्हणाल्या त्या क्षणी हरल्या,” सर म्हणाले. “त्यांनी कपाट कबूल केलं.”

मला हे फार आवडलं. ‘तू तरी कुठे मोठा’ हे आपल्याकडे बिनतोड उत्तर समजलं जातं. त्या जुन्या पंडितांनी ते पराभवाच्या यादीत टाकलं होतं.

१७ नंबरला मात्र शास्त्रात रस नव्हता. तिचा प्रश्न सरळ होता. “काकू, मग साडूचं विचारायचंच नाही का? ते खाजगी झालं का?”

यावर आम्ही दोन-तीन संध्याकाळी घालवल्या, आणि मला वाटतं या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन मानलंय, पण आप्ताचा शब्द, म्हणजे जो जाणतो आणि जसं आहे तसं सांगतो त्याचा. म्हणजे कोणी ‘माझ्या शब्दावर विश्वास ठेवा’ म्हणालं, की तो माणूस कोण आहे हे पाहणं चर्चेचाच भाग होतं. सचिवांचं पहिल्या सभेतलं वाक्य पॅडवर होतं: “मी स्वतः तिन्ही कंपन्यांशी बोललोय, भाव बरोबर आहे.” ते आम्हाला त्यांच्या शब्दावर १४ लाख खर्च करायला सांगत होते. तेव्हा कंपनीशी त्यांचं नातं काय, हे विचारणं सभेचा हक्क होता. आदर्श उपविधीही समिती सदस्याला संस्थेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवू देत नाहीत.

काकांनी कोणाला विश्वास ठेवायला सांगितलं नव्हतं. त्यांनी ठाणे-कल्याणचं उदाहरण दिलं, ते सगळ्यांसमोर होतं. ते तळमजल्यावर राहतात म्हणून तसं बोलतात, हे खरंच आहे. पण त्याने उदाहरण बरोबरही ठरत नाही आणि चूकही नाही. आणि १७ नंबरने तर कागद दाखवला होता. स्पेलिंग चुकलंय की नाही हे बघायला तिचं लग्न टिकलंय का, याची गरज लागत नाही.

मुंबईत ही सीमारेषा भर न्यायालयात आखली गेली आहे. १८६० मध्ये ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी वैष्णव महाराजांच्या, म्हणजे पंथाच्या धर्मगुरूंच्या वर्तनावर लेख लिहिला. त्यांतल्या जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८६२ मध्ये तेव्हाच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खटला चालला. आजचं उच्च न्यायालय त्याच वर्षी नंतर सुरू झालं. डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले आणि महाराजांच्या आजाराबद्दल डॉक्टर म्हणून बोलले. याहून व्यक्तिगत काय असणार? पण भक्तांवर ज्याची सत्ता चालते त्याचं वर्तन हाच तिथे विषय होता, आणि निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, “सचिवांना सांगू नका, ते स्वतःला महाराज समजतील.”

मग राहिला प्रश्न उत्तर कसं द्यायचं हा. १७ नंबरने पुढच्या सभेच्या सूचनेच्या पाठीमागे एक वाक्य लिहून ठेवलं: ‘माझं लग्न आजच्या विषयपत्रिकेवर नाही. स्टेनलेसचं उत्तर द्या.’ वाक्य चांगलं आहे. पण ते वाचून मला लाज वाटली. घाव तिच्यावर पडायचा, आणि शांत राहायचं तिने, नेमकं वाक्य पाठ करायचं तिने, आवाज चढू न द्यायची काळजीही तिनेच घ्यायची. बाकी १८ जण काय करणार होते? अंगाला लावून घेऊ नकोस असा सल्ला तिला जिन्यात निदान सहा जणांनी दिला. सभेत त्यांच्यातला एकही बोलला नव्हता. माझ्यासकट.

दुसरी सभा

विशेष सर्वसाधारण सभा १३ ऑक्टोबरला झाली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी सचिवांनी घरोघर सोनं वाटलं होतं. १७ नंबरची बेल वाजवली नव्हती.

सुरू होण्याआधी मी अध्यक्षांना सांगितलं, की आज जो बोलेल त्याचं वाक्य मी लगेच वाचून दाखवीन आणि त्याच्या नंबरासह वहीत लिहीन. असा काही नियम नाही. इतिवृत्तात ठराव आणि मुख्य मुद्दे आले की पुरतं. पण मनाईही नाही. अध्यक्ष म्हणाले, “तुम्हाला त्रास नसेल तर लिहा बापडं.”

१३ नंबरने सुरुवात केली. “काकांचं काय, त्यांना रेल्वेने...”

मी म्हटलं, “१३ नंबर, हे कसं लिहू?”

“नाही नाही, हे नका लिहू.”

“मग काय लिहू?”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “लिहा की उपविधीप्रमाणे तळमजल्यानेही समान हिस्सा द्यावा.” आणि सचिवांकडून पुस्तक घेऊन कलम वाचलं. तीन आठवड्यांपूर्वी वाचायचं राहिलं होतं तेच.

असं त्या सकाळी चार वेळा झालं. वहिनींनी ‘तुमच्यासारख्या माणसांना’ म्हणून वाक्य सुरू केलं आणि ‘कसं लिहू’ ऐकून स्वतःच फिरवलं. मी रागावून विचारत नव्हते, खरंच विचारत होते, पेन्सिल टेकवून. माणूस बोलताना दुसऱ्याला बोचकारायला बघतो. तेच वाक्य आपल्या नंबराखाली शाईने लिहिलेलं राहणार म्हटलं की त्यातला मुद्दा तेवढा शोधायला लागतो. मुद्दा नसेल तर ‘राहू दे’ म्हणतो.

पाचव्या वेळी माझी युक्ती फसली. काका उठले. “या चोरांना मी एक पै देणार नाही.”

“काका, कसं लिहू?”

“जसं बोललो तसंच लिहा. माझ्या नावाने. आणि ‘चोर’ला खाली रेघ मारा.”

लिहिलं. रेघही मारली. १३ नंबर खुर्ची मागे सरकवून उभे राहिले, आता अरेला का रे होणार हे दिसत होतं. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी विचारलं, “कशाची चोरी, ते पण लिहायला हवं ना?”

काका थोडा वेळ बोललेच नाहीत. मग जे बोलले त्यात लिफ्ट नव्हती. मागच्या पावसात ड्रेनेजचा चेंबर तुंबला आणि त्यांच्या मोरीतून उलटं पाणी वर आलं. दोन वेळा. काकू गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या. काकांनी अर्ज दिला, समितीने पोच दिली आणि नंतर काही झालं नाही. “चौथ्या मजल्याच्या आजी ४० मिनिटं अडकल्या तर १४ लाखांची सभा. आमच्या घरात अख्ख्या इमारतीचं मैलापाणी आलं तर एक सही.”

उपविधीचं कलम त्यांच्याविरुद्ध होतं आणि तेवढ्यावर त्यांना हरवता आलं असतं. पहिल्या सभेत कोणी ते वाचलं असतं तरी हे बाहेर आलं नसतं, हेही मला मान्य करायला हवं. नुसता मुद्द्याला मुद्दा भिडवून सगळं उलगडतं असं नाही. कधी कधी शिवीच्या मागे अर्ज असतो. पण ती शिवी परतवून तो सापडत नाही, विचारावं लागतं.

चेंबर आणि खालची लाइन बदलायला ७२,००० चा अंदाज आला, घरटी ३,०००. सर उठून म्हणाले, लिफ्टच्या ठरावातच हे घाला. काकांनी दोन्हींच्या बाजूने हात वर केला. चोर हा शब्द मागे घेतला नाही. मी विचारलं होतं.

मग १७ नंबर. या वेळी तिने प्रश्न असा मांडला: “कोटेशन दिलेल्या तीन कंपन्यांपैकी कोणाशी समितीतल्या कोणाचं नातं किंवा व्यवहार आहे का, ते नोंदवावं.”

सचिव भडकले. “परत तेच! हिला माझ्या घरात डोकवायची...”

मी पेन्सिल उचलली, पण त्याआधी अध्यक्ष बोलले. चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच कोणाला मध्येच थांबवलं असेल. “प्रश्न तुमच्या घराचा नाही, समितीचा आहे. मलाही लागू आहे. माझं कोणाशी नातं नाही, लिहा. आता तुम्ही सांगा.”

सचिवांनी सांगितलं. साडू सगळ्यात कमी भाव दिलेल्या कंपनीत विक्री विभागात आहेत. बाकी दोन कोटेशनं त्यांनीच आणून दिली, धावपळ नको म्हणून. स्टेनलेसचा उलगडा तिथे झाला. कागद जमवायचे म्हणून अशी डमी कोटेशनं कितीतरी सोसायट्यांत आणली जातात. ज्याला काम मिळणार तोच इतरांचे चढे भाव टाइप करून देतो. सचिवांना ती चोरी वाटत नव्हती, सोय वाटत होती. मला ते खरं वाटतं. ते खवचट आहेत, पण पैसे खाणारे नाहीत असं माझं मत आहे. पॅडवर मात्र मतं नसतात.

जुनी कोटेशनं रद्द झाली. १३ नंबर, १७ नंबर आणि सर अशा तिघांना बंद पाकिटात नवी मागवायला सांगितलं. तिने सूचनेच्या पाठीमागे लिहिलेलं वाक्य वापरायची वेळ आली नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

नोव्हेंबरात पाच पाकिटं उघडली. साडूंच्या कंपनीचं १२,९६,००० चं सगळ्यात कमी निघालं, म्हणजे घरटी ५४,०००. यंत्र, हमी, देखभाल सगळं इतरांच्या तोडीचं. सर म्हणाले, आता नातं उघड आहे, सचिव या विषयावर मत देणार नाहीत, मग काम द्यायला हरकत काय? तर्काने सरांचंच बरोबर होतं. भाव कोणी आणला यावरून भाव वाईट ठरत नाही. पण सभेने १३,४४,००० च्या दुसऱ्या कंपनीला काम दिलं. घरटी २,००० जास्त. मी त्याच बाजूने हात वर केला, आणि तो का केला हे मला अजून नीट सांगता येत नाही.

लिफ्ट मार्चअखेर, पाडव्याच्या आठवड्यात सुरू झाली. काकांची स्कूटर आता कुंपणाच्या भिंतीला असते. कपाट जिन्यातच आहे. सचिव आणि १७ नंबर एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांनी माफी मागितली नाही. तिने मात्र मुलाची मागितली, खुर्च्या लावत होता त्याची, हे मला त्या मुलाकडूनच कळलं.

वही

वार्षिक सभेचं इतिवृत्त पुढच्या वार्षिक सभेत कायम करतात. २०२५ च्या सप्टेंबरात, पुन्हा पितृपक्षातच, मी मागच्या वर्षीचा विषय क्रमांक ४ वाचला. ‘सभासदांनी आपापली मते मांडली.’ कोणाची काही दुरुस्ती, असं अध्यक्षांनी विचारलं. हे नुसतं विचारायचं म्हणून विचारतात.

१७ नंबरने हात वर केला. म्हणाली, हे वाक्य बरोबर नाही.

अध्यक्ष म्हणाले, “अहो, झालं गेलं. लिफ्ट आली ना?” ते तिला पहिल्यांदाच अहो म्हणाले. ती म्हणाली, “झालं ते लिहायचं असतं ना वहीत?” आणि माझ्याकडे पाहिलं.

पॅड घरी होतं. पण ते वाक्य मला पाठ होतं. मी म्हटलं, शब्द लिहायचे नसतील तर नका लिहू, पण घडलं ते लिहिता येईल, आणि तिथल्या तिथे दुरुस्ती वाचून दाखवली: ‘चर्चेदरम्यान सचिवांनी एका सभासदाच्या वैवाहिक आयुष्याविषयी उद्गार काढले. त्यानंतर त्या सभासदाने सचिवांच्या कुटुंबाविषयी उद्गार काढले. अध्यक्ष, समिती सदस्य व उपस्थित सभासद यांपैकी कोणीही हरकत घेतली नाही.’

सचिव म्हणाले, शेवटचं वाक्य कशाला, ते तर घडलेलंच नाही काही. सर म्हणाले, तेच तर घडलं.

मतदान झालं. बाजूने ९, विरोधात ५, बाकीचे तटस्थ. काकांनी बाजूने हात वर करताना विचारलं, त्यांचं ‘चोर’ खाली रेघेसकट कायम आहे ना. आहे म्हटलं.

दुरुस्तीखाली अध्यक्षांनी सही केली. त्याखाली इतिवृत्त लिहिणाऱ्याची सही लागते. मी केली. १९ जणांत मी होते.